आधी ती, मग मी

१४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुझ्या वर्कशॉपवर एक लाकडी खोका येईल. उघडताना सांभाळ. आत आमच्या चर्चमधली संत लूसी आहे आणि तिचा उजवा हात वेगळ्या पिशवीत आहे. त्या हातातली ताटली फुटली, आणि ताटलीतले दोन डोळे गडगडत बाकांखाली गेले. एक सापडला. दुसरा मी, फादर आणि पेटी वाजवणाऱ्या बाई मिळून सगळ्या चर्चभर शोधला, मिळाला नाही. फादर म्हणाले, "हरवलेल्या वस्तूंसाठी संत अंतोनला सांगा." पेटीवाल्या बाई म्हणाल्या, "त्याच्यासमोरच तर शोधतोय!"

कसं पडलं विचारशील. आई म्हणते, मांजराने पाडलं.

मामा, तू फोनवर नुसतं हो-हो करतोस म्हणून सगळं लिहितेय. आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू आता पार पिकलाय. डावा तर लहानपणापासून नावापुरताच, तुला माहीतच आहे. म्हणजे जो काही आहे तो हा एकच डोळा. डॉक्टर बाईंनी नोव्हेंबरच्या शेवटची तारीख दिलीय आणि म्हणाल्या, "याच्यापुढे ढकललंत तर मी पण काही करू शकणार नाही." आईने आधी दोनदा तारीख चुकवलीय, एकदा माझ्या शाळेच्या परीक्षांचं निमित्त सांगून आणि एकदा पाहुणे येणार म्हणून. पाहुणे आलेच नाहीत.

आता नवीन निमित्त मिळालंय. म्हणते, "लूसीबाई डोळ्यांची संत. ती बाई हात मोडून परगावी पडलीय आणि मी टेबलावर जाऊन झोपू? आधी ती, मग मी."

तेव्हा मामा, सगळं तुझ्यावर आहे. हात जोड, डोळे बसव, लवकर पाठव.

तुझी,
चिमणी


२० ऑक्टोबर

चिमणे,

अनेक आशीर्वाद. लूसीबाई पोचल्या. प्रवासाचा त्रास विशेष दिसत नाही, आधीच एवढा रंग चढलाय की ट्रकवरून पडल्या असत्या तरी कळलं नसतं. आमची रंगारी बाई खोका उघडून म्हणाली, "मालक, ही संत आहे की लग्नाला निघालीय?" गाल लाल, ओठ लाल, भुवया कोळशासारख्या. दर दहा-बारा वर्षांनी कुणीतरी भक्तिभावाने ब्रश हातात घेतलेला दिसतो. भक्ती होती, ब्रश फार मोठा होता.

मांजराचं मला पटलं नाही. खोका मी स्वतः उघडला. मूर्तीभोवती ताईने जुनी चादर शिवून टाकलीय. तुझी आई, जिने अख्ख्या गावाच्या वेदीची वस्त्रं शिवली, जिचा टाका मोजायला भिंग लागायचं, तिचे टाके या चादरीवर बोटबोटभर अंतरावर आहेत, आणि एक तर स्वतःच्या पदराचा तुकडा घेऊन गेलाय. मांजर कुठं होतं त्या वेळी? स्टुलावर चढून पुसत होती ना ती? कड दिसली नसणार.

तिला बोलू नकोस. मी फक्त ऐकू आलं ते सांगितलं. माणूस काय बोलतो यापेक्षा काय बोलत नाही ते मला आधी ऐकू येतं, त्याच्यावरच तर धंदा उभा केला. लोक येतात आणि म्हणतात "छोटासा संत जोसेफ हवा", मी ओळखतो की घर विकलं जात नाहीये, अंगणात पुरायला मूर्ती नेतायत.

काम होईल. घाई करू नकोस, रंगाला घाई कळत नाही. मला मात्र आठवडाभर डावीकडची दाढ फार छळतेय. गाल फुगलाय. रंगारी बाई विचारते, "मालक, तुमच्यावर पण प्लास्टर चढवलं का?" दातवाल्याकडे जाण्यासारखं काही नाही, कापूस लावलाय.

तुझा,
मामा


२६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मांजराचा भाग गाळला. तरी ती म्हणाली, "आज पत्र बारीक का वाटतंय?"

तुझा अंदाज खरा आहे. परवा ती चहा ओतत होती आणि कप बाजूला होता.   दोघींनी मिळून टेबल पुसलं.

रोज संध्याकाळी ती चर्चमध्ये जाते आणि रिकाम्या कोनाड्यासमोर बसते. फादर मला बाजूला घेऊन म्हणाले, "संत ही परमेश्वराच्या घराची खिडकी आहे. तुझी आई खिडकी बसवून झाल्याशिवाय घरात जायला तयार नाही." मी म्हटलं, "मग तुम्हीच समजवा." तर म्हणाले, "मी समजवायला गेलो, तर तिने मलाच वेदीवरचं कापड चुरगळलंय म्हणून झापलं. दिसत नसताना कसं कळलं तिला?"

मामा, तू सांगितलंस तर ती ऐकेल. तू धाकटा असलास तरी तुझं ऐकते. किंवा सरळ लूसीला पाठव, मग काही सांगायलाच नको.

दाढेचं काय? लवकर दाखव, हसण्यावारी नेऊ नकोस. आई म्हणते, "त्याला सांग, दुसऱ्याला शहाणपण शिकवतो तोवर स्वतःचं तोंड सुजलंय."

चिमणी


५ नोव्हेंबर

चिमणे,

आता जे लिहितोय ते नीट वाच.

जुना रंग काढायला घेतला. आमची पद्धत अशी की आधी एका कोपऱ्यात खरवडून बघायचं, खाली काय आहे. लाल थराखाली गुलाबी, गुलाबीखाली पुट्टी. लाकडी मूर्तीच्या तोंडावर एवढी पुट्टी कशाला, म्हणून हलक्या हाताने काढत गेलो. खाली सुरकुत्या निघाल्या. कोरीव, डोळ्यांच्या कडेला, तोंडाभोवती, कपाळावर. कुणा जबरदस्त कारागिराचा हात. चिमणे, ही तरुण पोर नाहीच. साठी उलटलेली बाई आहे, आणि काय चेहरा आहे! रंगारी बाई ब्रश खाली ठेवून बघत बसली. आमच्याकडे हे कधी होत नाही.

मग मोडका हात घेतला. तळव्यात ताटलीसाठी जी खाच होती ती नंतरची आहे, ओबडधोबड. तिच्याखाली दोन जाड दांड्यांची बुडखी, करवतीने कापलेली. आमच्या धंद्यात हातातली वस्तू काढली की सगळे संत सारखेच. किल्ली दिसली की पेत्र, ताटलीत डोळे दिसले की लूसी.  आणि ताई इतकी वर्षं जिच्याकडे डोळे मागत आली, ती लूसी नव्हेच. दोन दांड्यांची पक्कड, तिच्या टोकाला दात धरलेला, अशी वस्तू एकाच बाईच्या हातात असते: संत अपोलोनिया, दातांची संत.

कधीकाळी कुणालातरी लूसी हवी होती आणि हाताशी अपोलोनिया होती. पक्कड कापली, ताटली चिकटवली, सुरकुत्या बुजवल्या, झाली लूसी. माझ्या दुकानात असं करणाऱ्या एका कारागिराला मी हाकलून दिलं होतं. दुकान सुरू केलं तेव्हापासून एकच नियम: एका संताला दुसऱ्याच्या नावावर खपवायचं नाही.

अपोलोनियाची कथा तुला शाळेत कुणी सांगितली नसेल. चर्चची म्हातारी सेविका. शहरात दंगल झाली, जमावाने तिला धरलं, तोंडावर मारून मारून दात पाडले. मग शेकोटी पेटवली आणि म्हणाले, विश्वास सोड, नाहीतर आत. बाई म्हणाली, जरा हात तर सोडा. त्यांना वाटलं, वळली. हात सोडले. आणि तिने स्वतःच आगीत पाऊल टाकलं. ढकलायला कुणी लागलं नाही. चित्रकार लोक तिला तरुण काढतात, पण मूळची ती म्हातारीच.

आता सांग काय करू? पुट्टी परत भरून ताटली चिकटवणं एका दुपारचं काम आहे. नियम एकीकडे आणि ताईचा डोळा दुसरीकडे. ताईला कळलं की ती दातांच्या संताला डोळे मागत होती, तर ती जन्मात ऑपरेशनला जायची नाही.

हे पत्र ताईला मुळीच वाचून दाखवू नकोस.

मामा

ता.क. दाढेचा योगायोग तुझ्या ध्यानात आला असेलच. रंगारी बाईच्याही आलाय. दर तासाला आठवण करून देते.


११ नोव्हेंबर

मामा!!

"वाचून दाखवू नकोस" हे शेवटी लिहायचं असतं का? पहिल्या ओळीत लिही, मोठ्या अक्षरात लिही, पाकिटावर लिही!

आई समोर बसली होती, मांडीवर वेदीचं कापड, हात कापडावरून फिरतोय. "वाच," म्हणाली. मी वाचत सुटले. सुरकुत्या निघाल्या तिथं मला जरा शंका आली, पण जीभ पुढं गेली होती. "ताई इतकी वर्षं जिच्याकडे डोळे मागत आली, ती लूसी" इथपर्यंत मोठ्याने वाचलं आणि पुढचा शब्द दिसला. खोकले. पाणी प्यायले. मग म्हटलं, "ती लूसी फार नाजूक लाकडाची आहे, रंग वाळायला वेळ लागेल, हवा दमट आहे, सर्वांना नमस्कार."

आई म्हणाली, "पुढं?"

"पुढं काही नाही. तब्येतीला जपा म्हणतोय."

"बरं," म्हणाली, आणि कापड घडी घालायला लागली. सुटले असं वाटतंय. तिला काही कळलेलं नाही.

मामा, मी हात जोडून सांगते, ताटली बसव. सुरकुत्या बुजव. तुझा नियम मला मान्य आहे, पण नियम दोन महिन्यांनी परत सुरू कर. एकदा डोळा बरा झाला की मीच सांगेन. तारीख अगदी तोंडावर आलीय. मी रोज प्रार्थना करतेय, लूसीला, अपोलोनियाला, जिला ऐकू जाईल तिला, की आईला धीर दे.

चिमणी


१६ नोव्हेंबर

चिमणे,

(हे पत्र ताईला वाचून दाखवू नकोस. बघ, शिकलो.)

खोका उद्या निघतोय. मूर्ती नीट आहे, हात बसलाय. चेहऱ्यावर मी पुट्टी भरली नाही. भरायला बसलो होतो खरा. रंगारी बाईच्या हातातून पुट्टी लावायचा पत्रा घेतला, पुट्टी कालवली, आणि त्या लाकडी म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुट्टी खिडकीच्या भेगेत भरली. खिडकीलाही हवीच होती.

पण तळहातात मी एक पितळी खाच केलीय. तिच्यात काहीही बसतं आणि निघतं. खोक्यात दोन पुडकी आहेत. एकात ताटली आणि दोन नवे डोळे. दुसऱ्यात पक्कड, टोकाला दात. कोणती बसवायची ते तू ठरव.

जबाबदारी झटकतोय म्हणशील. नाही गं. लूसीचीच एक गोष्ट सांगतो, खऱ्या लूसीची. तिची आई कित्येक वर्षं आजारी होती. लूसी तिला घेऊन गेली संत आगाथाच्या कबरीपाशी, आणि प्रार्थना करता करता तिला डोळा लागला. स्वप्नात आगाथा आली आणि म्हणाली, "पोरी, जे तू स्वतःच आईला देऊ शकतेस, ते माझ्याकडे का मागतेस?"

लोकांना लूसीच्या ताटलीतले डोळे तेवढे आठवतात. मला हे वाक्य आठवतं. संतांची दुकानं नसतात गं, की इथं डोळे मिळतील आणि शेजारी दात. ती आपल्यासारखी माणसं, भ्यायलेली सुद्धा. फक्त वेळ आली तेव्हा त्यांनी पाऊल टाकलं, आणि दुसऱ्याने टाकावं म्हणून हात धरला. तू मला म्हणतेस, तू सांग. फादरना म्हणतेस, तुम्ही समजवा. लूसीला म्हणतेस, धीर दे. आणि तू स्वतः? टेबल पुसलंस.

तुझ्या सगळ्या पत्रांत एक वाक्य कुठंच नाही, म्हणून मला ते सर्वांत मोठ्याने ऐकू येतंय. तूही घाबरली आहेस. जा, आईजवळ बस. बाकी तुला कळेल.

मामा

ता.क. दाढेला आराम आहे. थोडासा. म्हणजे नाही.


१८ डिसेंबर

बाळ्या,

अक्षर ओळखलंस का? माझंच आहे. ओळी वाकड्या जातायत त्याला डोळा जबाबदार नाही, सवय गेलीय.

डोळा छान आहे. पट्टी काढल्यावर पहिलं काय दिसलं सांगू? डॉक्टर बाईंच्या कोटाचं बटण, उलट्या दोऱ्याने शिवलेलं. मी तिथंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऑपरेशन यशस्वी."

आता तुमच्या दोघांच्या कारस्थानाविषयी. तुम्हाला काय वाटलं, मला कळलं नाही? अरे, चिमणी तुझं पत्र वाचत होती तेव्हा मधूनच तू एकदम सभ्य झालास. "हवा दमट आहे, सर्वांना नमस्कार." जन्मात कधी नमस्कार लिहिलास तू? मी तेव्हाच ओळखलं की पोरगी स्वतःच्या पदरचं बोलतेय.

आणि खरं सांगू, ती लूसी नाही हे मला आधीपासून माहीत होतं. डोळा चांगला होता तोवर मला ती लूसीच दिसायची. डोळा अधू झाला, मग पुसताना मी हाताने बघायला लागले. ताटलीच्या खाली बोट घातलं तर दोन कापलेल्या दांड्या. ताटलीला दांड्या कशाला? लहानपणी आपल्या दाराशी लोहार बसायचा, त्याची सांडशी मी हाताळलीय. हातात अशीच लागायची. कोण संत ते ठाऊक नव्हतं, पण कुणीतरी दुसरी बाई दुसऱ्याच्या नावाने गुपचूप उभी आहे एवढं कळलं. वाटलं, राहू दे. तिने इतक्या वर्षांत तक्रार केली नाही, मी कशाला करू? ज्याच्याकडे पोचवायचं त्याच्याकडे ती पोचवतच असणार.

मग "आधी ती, मग मी" कशाला म्हणत होते? बाळ्या, मी घाबरले होते रे. एकच डोळा. सुई त्याच्यातच जाणार. धूसर का होईना, चिमणीचा चेहरा दिसत होता. तोही गेला तर? हे कुणाला सांगायचं? म्हणून लूसीबाईला पुढं केलं. मांजराला पुढं केलं तसंच.

खोका आला त्या संध्याकाळी चिमणी माझ्यापाशी येऊन बसली. 

मी म्हटलं, "मामाने कामावर ठेवलं का तुला, पुतळ्यासारखी बसलीस ती?"

म्हणाली, "आई, ती लूसी नाही."

"माहीत आहे."

"ती अपोलोनिया आहे. दातांची."

"अस्सं! दातांची का? म्हणजे ती सांडशी नव्हती तर."

तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तोंड उघडं पडलेलं ऐकू आलं. मग दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की शेजारीण दार वाजवून गेली. आणि हसता हसता पोर एकदम रडायला लागली. म्हणाली, "आई, मला फार भीती वाटते गं. तुला काही झालं तर."

बाळ्या, इतके दिवस मला वाटत होतं, मी एकटीच घाबरलेय आणि ही पोरगी मास्तरणीसारखी मागे लागलीय. दोघी घाबरलेल्या आहेत म्हटल्यावर माझी निम्मी भीती तिच्याकडे गेली. मग तिने मला तुझं ते पत्र वाचून दाखवलं, गाळलेलं सगळं, म्हातारीने हात सोडवून घेतले आणि स्वतःच पाऊल टाकलं तिथपर्यंत. मी म्हटलं, "चल. सकाळी डॉक्टर बाईंना सांग, येतेय म्हणून. मला ओढायला कुणी नको. तू फक्त बरोबर चल."

तेरा तारखेला, लूसीच्या सणाला, चर्चमध्ये गेले. खरी लूसी आमच्याकडे नाही, तरी मिस्सेची प्रार्थना तिच्या नावाची झाली, आणि फादरनी कोनाड्यातल्या बाईची सगळी कहाणी सांगितली. लोकांत हशा पिकला. पेटीवाल्या बाई म्हणाल्या, "म्हणूनच माझे डोळे तसेच राहिले आणि दात अजून शाबूत आहेत!" फादर म्हणाले, "चिठ्ठी कुणाच्याही हातात द्या, दार एकच आहे."

मिस्सा संपल्यावर मी जवळ जाऊन तिचा चेहरा पाहिला. इतकी वर्षं पुसला, पहिल्यांदा पाहिला. सुरकुत्या बघून फार बरं वाटलं. माझ्याएवढीच आहे रे ती. फक्त गालाला अजून थोडा लाल रंग राहिलाय, तो तुझ्या रंगारी बाईला सांग, शोभत नाही.

ताटली आम्ही जपून ठेवलीय, पुढं खरी लूसी करून पाठव. पक्कड मात्र अजून बसवलेली नाही. ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. चिमणी सांगते, तुझा गाल अजून फुगलेला आहे, आणि तू भल्या मोठ्या पत्रातून लोकांना पाऊल टाकायला शिकवतोस. नऊ फेब्रुवारीला अपोलोनियाबाईंचा सण. तोवर तुझी दाढ निघाली तर तिला पक्कड मिळेल. नाही निघाली तर बाई सणालाही रिकाम्या हाताने उभी राहील आणि मी सगळ्या गावाला कारण सांगेन.

आधी तू, मग ती.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

ताई,

सोबतच्या डबीत काय आहे ते चहा पिताना उघडू नकोस. धुतलेली आहे.

मी तीनदा त्या दवाखान्याच्या पायरीवरून परत आलो. चौथ्यांदा रंगारी बाई बरोबर आली आणि दारात उभी राहिली, म्हणाली, "मालक, ढकलू का?" मी म्हटलं, "ढकलायला कुणी लागत नाही," आणि आत गेलो. 

खुर्चीत बसलो, दिवा तोंडावर आला, डॉक्टरने पक्कड उचलली. अगदी मी केली होती तशीच, माझी जरा बरी होती. डोळे मिटले. अपोलोनियाबाईंना हाक मारायची असं ठरवून गेलो होतो. पण डोळ्यांसमोर ती आलीच नाही गं. तू आलीस, स्टुलावर चढून, पदर खोचून, कुणाचा तरी चेहरा पुसताना. मी म्हटलं, हीच असेल आजची संत. आणि तोंड उघडलं.

गाल उतरलाय. रंगारी बाई म्हणते, आता मालक माणसांत आले. लाल रंगाचं तिला सांगितलं. म्हणते, ताईंना सांगा, संत झाली म्हणून काय बाईने नटू नये?

दे तिच्या हातात पक्कड. आणि चिमणीला सांग, हे पत्र ताईला मोठ्याने वाचून दाखवायला काहीच हरकत नाही.

छे, काय लिहितोय मी. तूच वाचते आहेस ना.

तुझा,
बाळ्या